तीन शिखरं आणि वीस पावलं

ब्रॅकनेलला डोंगर नाही. राउंडअबाउट आहेत, ते मात्र भरपूर. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनची गर्दी पांगवण्यासाठी सरकारनं जी नवी शहरं वसवायची ठरवली, त्यातलं हे एक, १९४९ सालचं. एके काळी देशाचं हवामान खातं आमच्या गावात होतं, म्हणजे कुठल्या डोंगरावर उद्या पाऊस पडणार हे इथे बसून सांगितलं जाई. २००३ साली तेही एक्सेटरला गेलं. किल्ला म्हणाल तर स्विन्ली फॉरेस्टच्या बाजूला ‘सीझर्स कॅम्प’ आहे. सीझरचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, लोहयुगातला मातीचा तट आहे तो. पण सह्याद्रीत हुंदडलेल्या माणसाला गावाजवळ एखादा गड लागतोच. म्हणून आम्ही रविवारी सकाळी तिथे जाऊन येतो. ‘गडावर जाऊन आलो’ असं म्हणायला बरं वाटतं, एवढंच.

अशा सपाट गावातून उठून आम्ही, म्हणजे प्रस्तुत लेखक, सौ. आणि आमची तेरा वर्षांची कन्या, यॉर्कशरची तीन शिखरं एका दिवसात चढायला का गेलो, याचं मूळ आमटी-भातात आहे.

झालं असं, की एका रात्री जेवताना आम्ही आमची नेहमीची गोष्ट सांगत होतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही चौघे मित्र तोरण्यावरून राजगडाला निघालो आणि वाट चुकलो. पावसात भिजून, रात्री नऊ वाजता एका वाडीत उतरलो. पहिलंच घर दिसलं त्याची कडी वाजवली. त्या घरातल्या मावशींनी चूल पुन्हा पेटवली, पिठलं-भाकरी केली, अंगावर घोंगड्या दिल्या. सकाळी पैसे काढले तर म्हणाल्या, “भावाकडनं पैसं घेत्यात व्हय?” ही गोष्ट आम्ही शंभर वेळा तरी सांगितली असेल. तिचं भरतवाक्य ठरलेलं: “तसं इथे नाही हो. इथली माणसं कोरडी. सोळा वर्षं झाली, पण शेजारच्या घरात पाऊल टाकलं नाही.”

त्या दिवशी कन्येनं चमचा खाली ठेवला आणि विचारलं, “बाबा, आपल्या दारात रात्री नऊ वाजता चार ओली, अनोळखी मुलं आली, तर आपण दार उघडू?”

आमच्या दाराच्या घंटीला कॅमेरा आहे. कोण आलंय ते फोनवर दिसतं आणि न उठता “नको” म्हणता येतं. आम्ही सौ.कडे बघितलं. सौ. म्हणाली, “आमटी गार होतेय.”

नंतर आठवडाभर तो प्रश्न आमच्या डोक्यात होता. उत्तर सुचेना, तेव्हा आम्ही विषय बदलला. म्हटलं, चल, तुला खरा डोंगर दाखवतो.

तर, ही तीन शिखरं. बेन नेव्हिस, स्कॅफेल पाइक आणि स्नोडन ही चोवीस तासांत मोटारीनं पळत करायची ती वेगळी. आमची तिन्ही यॉर्कशर डेल्समध्ये शेजारी शेजारी आहेत: पेन-इ-गेंट (६९४ मीटर), व्हर्नसाइड (७३६ मीटर) आणि इंगलबरो (७२३ मीटर). उंची ऐकून कळसूबाईवाले हसतील. पण तिन्ही मिळून एका दमात चालायची, सुमारे २४ मैल, आणि चढ एकूण १५८५ मीटर. म्हणजे सिंहगड पायथ्यापासून जवळजवळ अडीच वेळा चढायचा, आणि मधल्या वेळात पुण्याहून लोणावळ्याच्या दिशेनं निम्मं अंतर चालायचं. जवळच्या गिगल्सविक शाळेच्या दोन शिक्षकांनी १८८७ साली ही फेरी दहा तासांत केली, तेव्हापासून ही परंपरा. आता बारा तासांच्या आत परत आलात तर तुम्ही जिंकलात असं समजतात. पूर्वी हॉर्टन गावच्या कॅफेत गिरणीसारखं घड्याळ होतं. निघताना कार्डावर वेळ छापून घ्यायची आणि आल्यावर पुन्हा. रात्री कुणाचं कार्ड परत आलं नाही तर शोधायला निघता यावं, हा त्यातला खरा हेतू. तो कॅफे आता बंद झाला.

आमच्यातल्या इंजिनिअरनं तक्ता केला. प्रत्येक टप्प्याचं अंतर, चढ, ताशी वेग, खाण्याची मिनिटं, सगळं त्यात होतं. उन्हाळाभर सराव केला: स्विन्लीत रविवारी, आणि गोरिंगजवळ रिजवेवर दोन शनिवार. रिजवे ही एव्हबरीपासून आयव्हिंगहो बीकनपर्यंत ८७ मैलांची प्राचीन वाट, ब्रॅकनेलकरांना तासाभराच्या आत. सौ.नं डिंकाचे लाडू, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली. २०२३ च्या सप्टेंबरात एका शुक्रवारी सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवून दुपारी निघालो, आणि अडीचशे मैल गाडी हाकून मुक्कामाच्या गावी पोचलो. गावाचं नाव सेटल. ‘सेटल व्हायचं’ म्हणून मास्टर्सला इंग्लंडात आलो होतो, ते इतक्या वर्षांनी खरोखर झालो!

शनिवारी सकाळी सात वाजता हॉर्टनहून पाय उचलले. हवा स्वच्छ. पेन-इ-गेंट दुरून बसलेल्या सिंहासारखा दिसतो, आणि शेवटी त्याच्या नाकावरून हातापायांनी चढावं लागतं. या चढाच्या अलीकडे वाटेच्या कडेला साठीचे एक गृहस्थ बूट काढून बसले होते. एकटेच. आम्ही चालता चालता विचारलं, “ठीक आहात ना?” ते म्हणाले, “फाइन, फाइन.” चेहरा काही फाइन नव्हता. आम्ही मनगटावर बघितलं. तक्त्यापेक्षा सात मिनिटं मागे होतो. आम्ही पुढे निघालो. वाचकहो, ही सात मिनिटं लक्षात ठेवा, आमच्या तर ती कायमची लक्षात राहिली आहेत.

दगडांच्या पायरीवर सौ.चे पाय लटपटले. खाली बघितलं आणि ती तिथेच चिकटली, पुढे नाही, मागे नाही. आम्ही वरून “अगं, काही नाही, ये” एवढंच म्हणत होतो, ज्याचा जगात कुठल्याही बायकोला उपयोग झालेला नाही. एका संस्थेसाठी पैसे जमवायला निघालेल्या तरुण मुलींचा घोळका मागून आला. त्यातली एक थांबली, सौ.च्या खालच्या बाजूला उभी राहिली आणि सांगायला लागली, “डावा पाय इथे, लव्ह. आता उजवा हात त्या खाचेत, लव्ह.” यॉर्कशरमध्ये सगळे सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणतात. सोळा पायऱ्या झाल्या. वर पोचल्यावर सौ. आम्हाला म्हणाली, “अहो, लग्नाला अठरा वर्षं झाली, एवढं लव्ह पहिल्यांदाच.”

पुढचे सात-आठ मैल माळरान, मेंढ्या आणि दगडी गडगे. मग एकदम रिबलहेडचा पूल समोर येतो. चोवीस कमानी, १०४ फूट उंच, १८७० ते १८७४ या काळात दलदलीवर बांधलेला. आमच्यातला इंजिनिअर टोपी काढून उभा राहिला. हा पूल आणि ही रेल्वे बांधताना मजूर बायकापोरांसह याच माळावर झोपड्यांत राहिले. अपघातानं आणि देवीच्या साथीनं कितीतरी गेले. पुढे चॅपल-ल-डेलच्या चर्चच्या आवारात ती माणसं पुरलेली आहेत. आमच्या बोरघाटाची रेल्वे १८६३ साली पुरी झाली, त्याही घाटात हजारो मजूर गेले. घाटातून जाताना आपण चिक्की खातो आणि त्यांची आठवण काढत नाही.

या रेल्वेची आणखी एक गोष्ट आहे. १९८० च्या दशकात सेटल-कार्लाइल मार्ग बंद करायचं घाटत होतं. लोकांनी हरकती नोंदवल्या, हजारो. त्यात रस्वार्प नावाच्या कुत्र्याच्या पंज्याचा ठसाही होता, आणि १९८९ साली मार्ग वाचला. त्या कुत्र्याचे मालक ग्रॅहम नटॉल या चळवळीच्या संस्थापकांपैकी होते. १९९० च्या जानेवारीत ते वेल्समधल्या डोंगरात फिरायला गेले ते परत आलेच नाहीत. एप्रिलमध्ये त्यांचा देह एका ओढ्याकाठी सापडला. रस्वार्प अकरा आठवडे, त्या थंडीत, शेजारी बसून होता. गार्सडेल स्टेशनवर आता त्याचा पुतळा आहे. कन्येला हे सांगताना आम्हाला रायगडचा वाघ्या आठवला. वाघ्याबद्दल इतिहास काय म्हणतो ते इतिहासकार बघतील. रस्वार्प मात्र कालपरवाचा.

पुलाजवळ चहाची गाडी उभी होती. तीन चहा सांगितले आणि लक्षात आलं, रोख पैसे गाडीत राहिले. कार्डाचं यंत्र चालेना, कारण डोंगरात सिग्नल नाही. आम्ही “राहू द्या” म्हणून वळलो, तर मागे रांगेत कातड्याचं जाकीट घातलेला, दाढीवाला, गळ्यापर्यंत गोंदवलेला एक मोटरसायकलवाला होता. सीएनजी पंपावर असा माणूस दिसला तर आपण काच वर करतो. त्यानं पाचाची आणि दहाची अशा दोन नोटा ठेवल्या आणि म्हणाला, “यांचेही यातच घ्या.” आम्ही त्याच्यामागे लागलो: बँकेचा नंबर द्या, आज रात्री पैसे पाठवतो. तो इतका हसला, की त्याच्या मित्रांनी काय झालं म्हणून विचारलं. “हा माणूस मला चहाचे पैसे बँकेत पाठवणार आहे!” आम्ही ओशाळलो. कुणाचे उपकार नकोत, हे आम्हाला घरातच शिकवलेलं. परदेशात येऊन आम्ही ते आणखी घट्ट धरलं. कुणाकडे काही मागायचं नाही आणि कुणी आपल्याकडे मागू नये. असं सोळा वर्षं चाललं, नि त्यालाच आम्ही ‘इथली माणसं कोरडी’ म्हणत होतो की काय, असं चहा पिताना पहिल्यांदा वाटलं.

व्हर्नसाइडची वाट रेल्वेच्या कडेनं जाते आणि एके ठिकाणी रुळांवरून पलीकडे जाते, ओढ्यासाठी बांधलेल्या पुलावरूनच. चढ लांब पण सोपा. उतार मात्र घात करणारा. त्या उतारावर कन्येचा उजवा गुडघा दुखायला लागला. खाली चॅपल-ल-डेलला पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. शहाण्या माणसानं तिथेच थांबून टॅक्सी शोधली असती. सौ. तेच म्हणत होती. पण कन्या म्हणाली, “एकच तर राहिलंय,” आणि तक्ता म्हणत होता की अजून साडेतीन तास आहेत. आमच्यातल्या इंजिनिअरनं तक्त्याचं ऐकलं. ही चूक सर्वस्वी आमची.

इंगलबरोचा शेवटचा चढ भिंतीसारखा आहे. माथ्यावर आलो तेव्हा पावणेसहा झाले होते, आणि ढग खाली उतरला होता. माथा म्हणजे टोक नाही, चांगलं सपाट पठार आहे. धुक्यात चारही दिशा एकसारख्या. फोनची बॅटरी सकाळपासून फोटो काढून संपलेली. होकायंत्र आमच्याकडे होतं, सॅकच्या तळाशी, दशम्यांच्या खाली. आम्ही आत्मविश्वासानं एका दिशेनं निघालो. कन्या आता बोलत नव्हती. ती बोलत नाही तेव्हा तिला खरंच दुखत असतं.

धुक्यातून आधी एक कुत्रा आला, मग एक जोडपं, सत्तरीच्या आसपासचं. “कुठे निघालात?” हॉर्टनला. आजोबा म्हणाले, “मग तुम्ही उलटे चाललात. हा रस्ता इंगल्टनला जातो.” आजींनी आमच्याकडे बघितलं नाही, त्या मुलीकडे बघत होत्या. मग दोघं एकमेकांशी दोन वाक्यं बोलली आणि आजोबा म्हणाले, “चला, आम्हीही येतो.” त्यांची गाडी क्लॅपमला होती. हे क्लॅपम लंडनचं नव्हे, डोंगराच्या दक्षिणेला याच नावाचं एक खेडं आहे. हॉर्टन पूर्वेला, पाच मैल. आम्ही “नको, नको, तुम्हाला उशीर होईल” सुरू केलं. आजोबा म्हणाले, “हो, होईल,” आणि चालायला लागले.

आजींनी आपल्या दोन्ही काठ्या कन्येला दिल्या, लांबी कमी करून दिली. सॅकमधून डोक्याला बांधायची जादा बॅटरी काढली. आमच्याकडे तिघांत एक बॅटरी होती, कारण तक्त्याप्रमाणे अंधार होणारच नव्हता. वाट चुनखडीच्या दगडांची, ओली, गुळगुळीत. एक मैल झाल्यावर कन्या खाली बसली आणि रडायला लागली. आम्ही आणि सौ. दोन बाजूंनी समजावत होतो. आजी तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “मेंढ्या मोजता येतात का तुला?”

इकडच्या धनगरांची मेंढ्या मोजायची जुनी पद्धत आहे. दरीदरीला आकडे थोडे बदलतात. आजींच्या आकड्यांची सुरुवात अशी: यान, टान, टेथर, मेथर, पिप. दहाला डिक, पंधराला बम्फिट, विसाला जिगिट. वीस झाले की एक खूण करायची आणि पुन्हा पहिल्यापासून. आजी म्हणाल्या, “हॉर्टन विसर. फक्त एक जिगिट चालायचं. मग थांबू.” बम्फिट शब्दाला कन्या रडता रडता हसली. उठली. यान, टान, टेथर... वीस पावलं. थांबलो. पुन्हा वीस.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “आता मराठीत.” आणि त्या अंधारात यॉर्कशरच्या एक आजी मोजायला लागल्या: एक, दोन, तीन, चार, पाच. ‘चार’ त्यांना छान जमलं. ‘पाच’ आणि ‘पिप’, ‘दहा’ आणि ‘डिक’ हे शेजारी ठेवून त्या म्हणाल्या, हे चुलतभाऊ दिसतात. आहेतच. त्यांचे आकडे जुन्या केल्टिक बोलीतले मानतात आणि आपले संस्कृतातले. मागे गेलं तर दोघांचं घराणं एक. आणि विसांनी मोजायचं म्हणाल तर आमची आजी आंबे तसेच मोजायची, “दोन विसा आणि पाच.” तिला पंचेचाळीस म्हटलेलं कळायचं नाही असं नाही, पण हाताला वीस सोपे पडायचे.

मधे एकदा सगळे बसलो. डिंकाचे लाडू काढले. आजोबांनी एक खाल्ला, दुसरा मागून घेतला, तिसरा कुत्र्याला द्यावा की नाही याचा विचार करून स्वतःच खाल्ला. दिवसभरात आम्हाला कुणाला काही देता आलं ते एवढंच.

हॉर्टनला पोचलो तेव्हा रात्रीचे पावणेदहा वाजले होते. चौदा तास पंचेचाळीस मिनिटं. तक्ता खिशात भिजून लगदा झाला होता.

आजी-आजोबांना गाडीनं क्लॅपमला सोडलं. गावात शिरताना आजोबांनी एक इमारत दाखवली: केव्ह रेस्क्यू ऑर्गनायझेशन. या भागातल्या डोंगरात आणि गुहांमध्ये अडकलेल्यांना बाहेर काढणारं हे पथक १९३५ पासून आहे. सगळे स्वयंसेवक. कुणी शेतकरी, कुणी शिक्षक. रात्री दोनला फोन आला तरी उठून जातात आणि एक पेनी घेत नाहीत. आजोबा शांतपणे म्हणाले, “तुम्ही त्या बाजूनं उतरला असता, तर आज त्यांना उठावं लागलं असतं.” त्यांनी एवढंच सुनावलं, आणि ते पुरलं. आपल्याकडे लोणावळ्याचे ‘शिवदुर्ग मित्र’ हेच काम करतात. पावसाळ्यात दरीत उतरून मुंबई-पुण्याच्या पोरांना वर काढतात. कॉलेजात आम्ही वाट चुकलो ती त्या मावशींच्या वाडीत उतरली म्हणून गोष्ट झाली. कड्यावर गेली असती तर बातमी झाली असती.

आम्ही पत्ता मागितला, दिवाळीला फराळ पाठवू म्हटलं. आजी म्हणाल्या, “पत्ता कशाला? मला माझे आकडे मिळाले,” आणि मराठीत पाचापर्यंत मोजून दाखवलं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं. दिवस लांब असतात तेव्हा, मे ते जुलैमध्ये जा. माणशी एक बॅटरी, कागदी नकाशा आणि होकायंत्र घ्या. ते दशम्यांच्या वर ठेवा. रोख पैसे न्या. चॅपल-ल-डेलला पोचल्यावर कुणाचं काही दुखत असेल तर तिथेच थांबा, डोंगर कुठे जात नाही. अडचण आलीच तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. आणि घरी सुखरूप आल्यावर त्या पथकाला यथाशक्ती काही पाठवा. आम्ही बारा तासांत न बसल्याच्या दंडाचे पाठवले, मिनिटाला एक पौंड, एकशे पासष्ट.

त्या बूट काढून बसलेल्या गृहस्थांचं काय झालं ते कळलं नाही. आमच्यासाठी एक मुलगी सोळा पायऱ्या थांबली, आजी-आजोबा पाच मैल उलटे चालले. आणि आमच्याकडे सात मिनिटं नव्हती. कन्या यावर काही बोलली नाही, पण तिनं ते बघितलं होतं.

रविवारी संध्याकाळी ब्रॅकनेलला आलो. सौ. गाडीतून उतरली आणि म्हणाली, “डबा आत कुणी ठेवला?” शुक्रवारी रस्त्यावर ठेवलेला कचऱ्याचा डबा फाटकाच्या आत, जागेवर होता. कन्या म्हणाली, “शेजारचे आजोबा ठेवतात. आपण इंडियाला जातो तेव्हापण. दर वेळी. तुम्हाला माहीत नव्हतं?”

नव्हतं. सोळा वर्षं.

उरलेले लाडू घेऊन आम्ही शेजारी गेलो. कन्या लंगडत पुढे. त्यांच्या दारालाही कॅमेरा आहे. आम्ही घंटी वाजवली आणि जरा बाजूला उभे राहिलो. आजोबांनी दार उघडलं आणि आत या म्हणाले. चाळीस मिनिटं बसलो.

परतताना कन्येनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. “बाबा, ती चार मुलं आली तर?”

“उघडू,” आम्ही म्हटलं. ती आमच्याकडे बघत राहिली. “बहुतेक उघडू,” आम्ही म्हटलं. ती म्हणाली, “ओके,” आणि जिन्याच्या पायऱ्या चढायला लागली. यान, टान, टेथर...